ताईची पांढरी गाडी

माझ्या डोक्यावर आता मोजून संपतील एवढेच केस उरलेत. त्यामुळे अलिबागच्या पार्लरमध्ये जाऊन मी केसांचा रंग उतरवायच्या क्रीमच्या चार मोठ्या बाटल्या मागितल्या, तेव्हा तिथली मुलगी माझ्या टकलाकडे बघतच राहिली.

"काका, नक्की कुणासाठी?"

"मोटारसायकलसाठी," मी म्हणालो.

तिने बाटल्या दिल्या, पण हात लांब करून.

त्याच्या आठवडाभर आधी ताईचा फोन आला होता. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी, लग्न होऊन श्रीवर्धनला गेलेली. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ती फोनवर हसत सांगत होती की जुन्या डोळ्याने घरातली ट्यूबलाइट पिवळी दिसते आणि नव्या डोळ्याने पांढरी, आणि इतकी वर्षं आपण पिवळ्या उजेडात राहत होतो हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. मग म्हणाली, "दुसरा डोळा झाला की येते नागावला. ती गाडी हाय ना अजून? काय पांढरी होती रे."

गाडी होती. नारळाच्या सोडणांच्या ढिगामागे, ताडपत्रीखाली. पण पांढरी नव्हती. पुढचं मडगार्ड, मागचं मडगार्ड, दोन्ही बाजूची झाकणं, सगळं प्लास्टिक पिकल्या केळ्यासारखं पिवळं पडलं होतं. महिनाभर आधी आली असती तर तिच्या डोळ्यांना ते खपून गेलं असतं.

ही गाडी आमच्या ऐपतीची कधीच नव्हती. बाबा एका मुंबईच्या शेठच्या बंगल्याची राखण करायचे. शेठच्या मुलाने परदेशातून ही मातीत पळवायची उंच मोटारसायकल आणली, दोन हिवाळे समुद्रावर उडवली आणि स्वतःच परदेशी गेला. बंगल्यात जागा अडते म्हणून शेठने ती बाबांना नेऊन टाकायला सांगितली. बाबांना सायकलसुद्धा धड येत नव्हती. गाडी शिकली ती ताई, एकोणीस वर्षांची, बाबा बंगल्यावर गेले की. ओहोटीला ओल्या वाळूवरून ती पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून निघायची, आणि सुरूच्या झाडांपाशी मी उभा. लांब जाताना गाडी बगळ्याएवढी व्हायची, मग शिंपल्याएवढी. परत येताना आधी आवाज यायचा आणि मागून तो पांढरा रंग मोठा होत जायचा. मी आयुष्यात पुष्कळ पांढरं पाहिलं, आता आमच्या दोन खोल्यांत पाहुणे उतरतात त्यांच्या चादरी मीच धुतो, पण तसलं पांढरं परत दिसलं नाही.

फेरीच्या शेवटी ती मला मागे बसवायची. एक दिवस तिने माझ्याऐवजी तिच्या मैत्रिणीला बसवलं. दोघी रेवदंड्याच्या बाजूला गेल्या आणि तासभर आल्या नाहीत. मी तेरा वर्षांचा. घरी गेलो आणि जेवताना बाबांना सगळं सांगितलं. एवढीच चुगली. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी गाडीचा प्लग काढून खिशात घातला आणि आईला म्हणाले, आता हिच्यासाठी स्थळं बघायला लागू. पुढच्या वर्षी ताईचं लग्न झालं. सांगितलं कोणी, हे बाबा कधीच बोलले नाहीत. ताईने मनाशी धरलं की मैत्रिणीनेच घरी फुशारकी मारली असणार आणि तिथून ते पसरलं. त्या मैत्रिणीने आईची शपथ घेतली तरी ताईने ऐकलं नाही. दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मैत्रीण पुढे थळला दिली. आणि मी हे सगळं बघत, चांगला वाढत, मिशा फुटत, गप्प राहिलो.

इंजिन सुरू करणं माझ्या कुवतीबाहेरचं. पण रंग परत आणता येतो असं मोबाइलवर एक जण दाखवत होता: क्रीम फासायचं, पोळ्या गुंडाळतात तसल्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. मी खाऱ्या हवेने गंजलेले स्क्रू काढले, त्यात एक झाकण कोपऱ्यात तोडलं, आणि सगळं अंगणात सुपारीशेजारी वाळत घातलं. मग जेवून जरा पडलो. जरा म्हणजे साडेचारपर्यंत. क्रीम सुकून गेलं होतं आणि एका झाकणावर ढगांसारखे डाग उठले होते.

बायकोने डाग बघितले, मला बघितलं. "अहो, सुपारी तरी अशी कोणी एका कुशीवर ठेवतं का?"

दुसऱ्या दिवसापासून तिनेच कारभार हातात घेतला. दर तासाने सुपारी हलवायची, मडगार्ड फिरवायचं, क्रीम ओलं ठेवायचं. मला फक्त संध्याकाळी प्लास्टिक सोडायला परवानगी होती. रोज थोडा थोडा पांढरा रंग वर यायचा, आणि रोज मला वाटायचं, अजून दोन उन्हं दिली तर त्या दुपारच्या जेवणाच्या अलीकडे पोचू, जिथे मी अजून तोंड उघडलेलं नाही. पन्नाशीच्या माणसाने मडगार्डाकडून ठेवायची ही अपेक्षा नव्हे, हे मलाही कळत होतं.

ताई आली ती काळा चष्मा लावून, दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून. आल्या आल्या म्हणाली, "केवढा म्हातारा झालास रे. मागच्या वेळी एवढा दिसला नव्हतास." मग तिने गाडी पाहिली. डागाचं झाकण मी भिंतीकडे वळवून ठेवलं होतं. ती मडगार्डावरून हात फिरवत गेली, चष्मा वर केला, हँडलला धरून नुसती उभी राहिली. तिचे खांदे अगदी तेव्हासारखे पुढे झुकले होते.

"तिने घात केला नसता तर," ती म्हणाली, "अजून एखादा हिवाळा मिळाला असता."

तयारी केलेली सगळी वाक्यं विसरलो. "तिने न्हाय सांगितलं, ताई. मी सांगितलं."

तिने हँडल सोडलं नाही. कधी, म्हणून विचारलं. त्याच दिवशी, जेवताना, मी म्हणालो. का, म्हणून विचारलं. मला बसवलं नाहीस म्हणून. हे बोलताना माझाच आवाज मला तेरा वर्षांचा वाटला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती ओट्यावर बसली, बायकोने दिलेला चहा पूर्ण प्याली, आणि म्हणाली, "ती माझ्या पायाला हात लावून रडली होती रे." थोड्या वेळाने उठली. "स्कूटर काढ. थळला जायचंय."

 वाटेत माझ्या खांद्यावर तिने हात ठेवला नाही, मागची दांडी धरून बसली. थळला विचारत विचारत घर सापडलं. दारात पिकल्या केसांची एक बाई जाळं झटकत होती. तिने ताईकडे पाहिलं, ओळखलं, आणि जाळं तसंच हातात राहिलं.

ताईने चष्मा काढला. मग माझ्या पाठीला मागून धक्का दिला.

"याला तुला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली.

मी पायरीशी चपला काढल्या.