शिवलेलं शेवटचं प्रकरण

आमच्या घरात एकमेकांना कादंबरी देताना शेवटचं प्रकरण गोधडीच्या दोऱ्यानं शिवून देतात. ही रीत दाजींमुळे पडली. दाजी म्हणजे माझ्या कुरुंद्याच्या आक्काचे मालक. आक्का एकदा रहस्यकथा वाचत होती. वाड्यात खून नुकताच झाला होता. दाजींनी भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं, "दिवाणजीनं मारलं." आक्कानं बरेच दिवस अबोला धरला आणि मग दाभण काढलं.

तेव्हापासून ज्यानं पुस्तक सुचवायचं त्यानंच शिवायचं. शेवट कोणी विचारायचा नाही, कोणी सांगायचा नाही. नियमाचे सगळ्यात कडक राखणदार झाले ते दाजीच. कोणी शेवट आधीच कळावा म्हणून चुळबुळ केली की म्हणायचे, "कादंबरी वाचून राहिली का पंचांग?"

आक्काला राजेरजवाड्यांच्या प्रेमकथा लागतात, दाजींना खून. दोन्हींतली जाणकार मी समजली जाते. म्हणजे माझी मीच समजते.

यंदा हळद शिजवायच्या दिवसांत दाजींना छातीच्या ऑपरेशनसाठी नांदेडला दाखल केलं. आक्काचा फोन आला.

"एखादं चांगलं पुस्तक दे गं. यांना वाचून दाखवते. फक्त शेवटी कोणी मरू नये, तेवढं बघ."

"तू नको काळजी करू," मी म्हणाले.

मी निवडलेल्या पुस्तकात दोघांचीही सोय होती. किल्ल्यावरचं प्रेम होतं, चोरीला गेलेला खलिता होता. सरदार मोहिमेवर जातो, ती बुरुजावर वाट बघते. मी घाईनं दोरा ओवला, पानं शिवली आणि आक्काची सून डबा घेऊन नांदेडला निघाली होती, तिच्या पिशवीत पुस्तक टाकलं.

चार दिवसांनी अंगणात वाळत घातलेली हळद पालथी करताना मला आठवलं. सरदार परत येत नाही. घोडा तेवढा येतो.

माझ्या डोक्याची तऱ्हाच अशी. नायिकेच्या शालूचा रंग, मेजवानीतली पक्वान्नं, सगळं बराबर लक्षात राहतं. मरण तेवढं निसटतं. पिवळ्या हातांनीच फोन लावला.

"आक्का, कुठवर आलात?"

"दोऱ्यापाशी. थांब, हे बोलायचं म्हणून राहिलेत."

दाजींचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मेव्हणीबाई, एक सांगा. तो येतो का हो परत?"

इतक्या वर्षांत त्यांनी शेवट विचारला नव्हता. माणूस किती भ्यालाय, ते मला तिथं कळलं. येतो म्हणावं, तर आक्का आत्ता दोरा कापील. येत न्हाई म्हणायला जीभ वळेना. अन् गप्प राहिले असते तर तेच उत्तर झालं असतं.

"दाजी," मी म्हणाले, "कादंबरी वाचून राहिले का पंचांग?"

पलीकडे खोकला आला. त्यात थोडं हसू असावं, असं मी धरून चालले.

"बराबर," दाजी म्हणाले. मग आक्काला म्हणाले, "कात्री ठेव. मी उठून बसलो की मीच उसवतो."

ऑपरेशन उद्या सकाळी आहे. बाहेर बसल्या बसल्या वाचायला आक्कानं आणखी एक पुस्तक मागवलंय, अट तीच. सून घ्यायला येईलच. मी कपाटापुढं उभी राहून एकेक कादंबरी शेवटाकडून उघडून बघतेय. निम्मं कपाट झालं. अजून एकही सापडली नाही.