कूलरचं तोंड

आमच्या घरातल्या कूलरचं तोंड अजून खालीच आहे. समोरच्या पट्ट्या फरशीकडे वळवलेल्या, त्यामुळे सगळा गार वारा टेबलाखालून निघून जातो आणि वर लिहीत बसलेल्या माझ्या मानेवरून घामाच्या धारा वाहतात. नागपूरच्या उन्हाळ्यात हा शुद्ध वेडेपणा आहे. पण पट्ट्या वर करायला मी हात लावत नाही, आणि बायकोही लावत नाही.

तो वारा आमच्या कुत्रीसाठी होता. बायकोचं माहेर काटोलचं. तिच्या भावानं संत्र्याच्या रिकाम्या खोक्यात घालून एसटीनं ते पिल्लू आणलं, तेव्हा मी बजावलं होतं, या घरात एक तर हे राहील नाहीतर मी. दोघंही राहिलो. त्याआधीही घरात जनावरं येऊन गेली होती. एक मांजर हिवाळाभर बंद कूलरच्या टाकीत झोपायचं आणि उन्हाळ्यात टाकी भरली की रुसून शेजारी जायचं; एका वर्षी ते शेजारचंच झालं. पण माझ्या लिहिण्यात शिरली ती ही कुत्री. रविवारच्या पुरवणीत माझं सदर असतं. एकदा विषय सुचेना म्हणून हिच्या चोऱ्यांवर लिहिलं, आणि वाचकांना माझ्यापेक्षा तीच आवडायला लागली. सदरात मी तिला 'बाईसाहेब' म्हणायचो. सक्करदऱ्याच्या बाजारात लोक मला थांबवून बाईसाहेबांची खुशाली विचारत. माझी कुणी विचारल्याचं आठवत नाही.

या उन्हाळ्यात तिनं जेवण सोडलं. पाणी मात्र भांडंच्या भांडं प्यायची आणि कूलरसमोर पडून राहायची.

"ऊन लागलं तिले," बायको म्हणाली.

मलाही ते लगेच पटलं. आमच्याकडे मे महिन्यात काहीही झालं तरी ते ऊनच असतं. माणूस चिडला, ऊन लागलं. ताटावरून उठला, ऊन लागलं. दुसरं काही असेल असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. बायकोनं कैऱ्या उकडून त्यांचा गर तिच्या चारही पंजांना चोळला, गळ्यातल्या पट्ट्याला कांदा बांधला, खाली ओलं पोतं अंथरलं. मग माझ्याकडे वळली.

"ते कूलरचं तोंड खाली करा न. वारं तिले पाहिजे का तुमच्या टकलाले?"

मी मुकाट्यानं पट्ट्या वळवल्या. नवतपा, म्हणजे आमच्या उन्हाळ्याचे सगळ्यात जीवघेणे दिवस, तोंडावर आला होता. "नवतपा निघू द्या, उठंल पाहा," असं बायको रोज म्हणायची आणि कुत्रीच्या तोंडाशी दहीभाताचा घास धरून बसायची. "खा वं माय. एवढा एक." कुत्री मान वळवायची. वीज गेली की बायको माझ्याच सदराच्या पुरवणीनं तिला वारा घालायची. "चला, काही तरी कामाचं लिहिलं तुम्ही," म्हणायची. आम्ही हसायचो. ती उठणार याची दोघांनाही खात्री होती, म्हणून हसणं जमत होतं.

मग उलट्या सुरू झाल्या. रिक्षात मांडीवर घेऊन मी तिला रामदासपेठेत डॉक्टरकडे नेलं. बायको मागं फरशी धूत राहिली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तिचे डोळे पाहिले आणि म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आता औषधानं फक्त त्रास लांबेल. "थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. इतके दिवस काय करत होतात?"

कैरी चोळत होतो, हे माझ्यानं सांगवलं नाही. तिच्या पंजांना अजून आंबट वास येत होता.

घरी आलो तर बायको फाटकातच उभी. "काय म्हणे?"

"ऊनच म्हणे. जास्त लागलं."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. बायकोच्या नखांत कैरीचा हिरवा गर अडकलेला दिसला आणि तोंडातून निघून गेलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा कैऱ्या उकडायला ठेवल्या. मी तिला थांबवलं नाही.

त्याच दिवसांत पुरवणीतून फोन आला. वाचक बाईसाहेबांबद्दल विचारतात, काही तरी गमतीचं द्या. मी टेबलाशी बसलो. मागच्या वर्षी बादलीत भिजत घातलेला आंबा हिनं पळवून माझ्या उशीखाली दडवला होता, ते परवाच घडल्यासारखं लिहून काढलं. लिहिताना तिची पाठ माझ्या पायाला लागून होती. मजकूर चांगला उतरत होता, याचा मला आनंदही होत होता. शेवटची ओळ लिहून खाली पाहिलं तर तिचं पोट हलत नव्हतं. बायको दहीभात घेऊन आली तेव्हाही मी खालीच पाहत होतो.

मेव्हणा काटोलहून आला आणि तिला त्यांच्या संत्र्याच्या बागेत पुरायला घेऊन गेला. मला ती हवी होती. दुसरं काही सांगता येत नाही.

रविवारी लेख छापून आला आणि फोन वाजायला लागले. बाईसाहेब मजेत ना? मजेत, मजेत. माझं लिहिलेलं बायको कधी वाचत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "वाचून दाखवा."

मी वाचलं. उशीखालच्या आंब्याला ती हसली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला.

"खरं सांगा. डॉक्टर काय म्हणे?"

"सांगितलं न तुले. ऊनच म्हणे."

"तुम्ही खोटं लिहून राहता न," ती म्हणाली, "तवा असेच खाली पाहता."

मी वर पाहिलं, तोवर ती उठली होती. बादली आणून तिनं कूलरची टाकी भरली, बटण दाबलं आणि ते ओलं पोतं जिथं असायचं त्या फरशीवर, वाऱ्यात, जाऊन बसली.