कडूबाईच्या नावावरचा प्रश्न

कडूबाईच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिच्या आजीनं तिचं नाव कडू ठेवलं. कडू घास काळसुद्धा तोंडात घेत नाही, असा म्हातारीचा हिशेब. तो बरोबर निघाला. कडूबाई जगली, वाढली आणि वाशी तालुक्यातल्या बोरखड्याला शरणप्पा उंबरग्याची बायको होऊन आली. पुढं शरणप्पा काविळीनं गेला आणि त्याची पिठाची गिरणी तिच्या गळ्यात पडली. बाईमाणूस गिरणी काय चालवणार, असं भावकी म्हणत होती. कडूबाईनं पट्टा चढवायला शिकून घेतलं, झिजल्या दगडाला टाकी लावायला शिकून घेतलं. गिरणीचा धंदा म्हणजे संशयाचा धंदा, हे मात्र तिला कुणी शिकवावं लागलं नाही. दळण न्यायला आलेली बाई डबा हातावर तोलून बघणारच. "कमी वाटायलंय गं," असं पुटपुटणारच. कडूबाई भांडत बसली नाही. वजनकाटा उचलून तिनं दारात, उन्हात नेऊन ठेवला.

बोरखडा डोंगराच्या कडेला आहे. वर माथ्यावर पवनचक्क्यांची रांग. गावात त्यांना पंखेच म्हणतात. वारं सुटलं की पंखे गरगरायचे आणि खाली कडूबाईची गिरण मुकाट उभी असायची, कारण गिरणीला थ्री फेज लागते आणि ती कधी येईल, कधी जाईल, याचा नेम नव्हता. लाइट गेली की गावातला एकुलता एक मोबाइल टॉवरही थोडा वेळ धुगधुगी धरायचा आणि मान टाकायचा. मग रेशन दुकानात अंगठा लागायचा नाही. दवाखान्याची गाडी बोलवायची तर कुणीतरी टेकाडावर चढून हात उंच करून उभं राहायचं.

अशात डोंगरावर आणखी पंखे आले. त्यांची वीज न्यायला मोठ्या तारांचे मनोरे बोरखड्याच्या रानातून जाणार होते. कडूबाईच्या जमिनीचा एक तुकडा नेमका त्या वाटेवर होता. कंपनीच्या वतीनं गावातलाच रणधीर घरोघर फिरून संमतीच्या सह्या मागत होता. तेव्हा ग्रामसभेत गोरोबानं विषय काढला. गोरोबा म्हणजे शरणप्पाचा जिवलग, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. "आधी गावाला धड लाइट, मंग सह्या," तो म्हणाला. पहिला हात कडूबाईनं वर केला.

त्यानंतर काही दिवसांनी टीव्हीवर मंत्र्यांचा कार्यक्रम होता. वीज आणि मोबाइल, दोन्हींबद्दल लोकांनी पाठवलेल्या प्रश्नांना मंत्रीसाहेब स्वतः उत्तरं देणार होते. विषय आपल्याच दुखण्याचा, म्हणून निम्मं गाव ग्रामपंचायतीत जमलं. कडूबाई बायकांत भिंतीला टेकून बसली होती.

"पुढचा प्रश्न धाराशिव जिल्ह्यातून," मंत्रीसाहेब कागदाकडं बघत म्हणाले. "वाशी तालुका, बोरखडा. कडूबाई उंबरगे विचारतात, आमच्या गावात वीज आणि मोबाइलची सेवा आता चांगली मिळते, त्याबद्दल आभार. नव्या वीजवाहिनीला आम्हा गावकऱ्यांचा पाठिंबा आहे, तिचं काम लवकर पूर्ण होईल का?" मग त्यांनी मान वर केली आणि हसून म्हणाले, "अशा माउल्या हीच आपली खरी ऊर्जा आहे."

खोलीतली एकेक मान तिच्याकडं वळली. कडूबाईला वाटलं, आपण ऐकलं ते चुकीचं ऐकलं.

"म्या न्हाय इचारलं," ती म्हणाली. "येडेश्वरीची शपथ. म्या असलं काय बी इचारलं न्हाय."

"नाव तुझं, गाव तुझं," मागून एकजण म्हणाला. "मंत्र्याला काय सपान पडलं व्हय?"

गोरोबानं मांडीवरची टोपी डोक्यावर घातली आणि तिच्याकडं न बघता बाहेर पडला. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून दळणं कमी झाली. पोरं गाडीवर डबे बांधून शेजारच्या गावाला जाऊ लागली. कंपनी तिची गिरणी सौरऊर्जेवर करून देणार आहे म्हणे, असं कुणी उठवलं. तिची सही आधीच झालीय म्हणे, असं दुसऱ्यानं त्यात घातलं. नदीवर, दुकानात ती गेली की बोलणं मध्येच तुटायचं.

संशय पिठासारखा असतो, एकाच्याच अंगावर राहत नाही. कडूबाईही आता माणसांची तोंडं निरखू लागली. आपलं नाव, आडनाव, गाव, सगळं बिनचूक वर कुणी पोचवलं? रणधीरनं? सरपंचानं? एकदा तर तिला वाटलं, गोरोबा इतक्या लवकर कसा उठून गेला? आपल्यावर ढकलून तो स्वतः तर सुटायला बघत नाही ना? असा विचार मनात आला याची तिला लाज वाटली, पण तो जाईना.

शेवटी ती रणधीरलाच गाठायला स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात गेली. बाई हॉटेलात शिरलेली बघून बाकड्यावरचे दोघं उठले. ती थेट त्याच्यासमोर उभी राहिली.

"रणधीर, खरं सांग. माझं नाव तूच घातलंस न्हवं?"

"काकू, मंत्र्यापतूर माझा हात असता, तर म्या हितं चहा पीत बसलो असतो का?" तो म्हणाला. बोलणं पटण्यासारखं होतं. पण बोलताना तो कपात चमचा फिरवत राहिला, वर बघितलं नाही. आणि ती वळल्यावर म्हणाला, "काई म्हणा, झालं ते गावाच्या भल्याचंच झालं."

हे शेवटचं वाक्य घेऊन ती घरी आली. एवढं बोलायची त्याला काय गरज होती?

त्या दिवशी गिरणीच्या तोंडात ज्वारी ओतताना तिला एकदम आठवलं. पोळ्यानंतर एक पोरगी आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. "मावशी, लाइटीची, मोबाइलची काय अडचण आहे? इथं बोला, थेट मंत्र्यांना जाईल." कडूबाईनं पाटी हातात धरूनच सांगितलं होतं, "पंखे आमच्या डोक्यावर फिरत्यात, वारं आमचं, मंग आमचीच गिरण बंद का? एवढं इचारा म्हणावं." पोरगी हसली होती. नाव, गाव विचारून घेतलं, आणि आपण कळंबच्या मोंढ्याजवळची, धान्यबाजारालगतची, वडलांचं बियाण्याचं दुकान आहे, असं बोलता बोलता सांगून गेली होती. सृष्टी नाव होतं तिचं.

कडूबाईनं गिरणीला कुलूप लावलं आणि एसटीनं कळंब गाठलं. मोंढ्याजवळ दोन दुकानांत विचारल्यावर तिसऱ्यात सृष्टीच सापडली. गल्ल्याशी तिचे वडील बसले होते.

"वळखलंस का? बोरखड्याची गिरणवाली."

सृष्टीनं ओळखलं. आणि का आलीय तेही ओळखलं असावं, कारण तिनं आधी वडलांकडं बघितलं. "मावशी, तुम्ही बोललात ते मी जसंच्या तसं वर पाठवलं. शब्दही इकडचा तिकडं केला नाही."

"वर म्हंजी कुठं?"

"ते मलाही माहीत नाही. आमचं काम ठेक्याचं. मोबाइलवरून पाठवायचं, संपलं. तिथं कुणीतरी ऐकून लिहून काढतं, दुसरं कुणी त्यातून निवडतं, तिसरं कुणी ते नीट करतं."

"नीट करतं?" कडूबाई म्हणाली. "मंग कडूचं गोड कुणी केलं, त्याचं नाव सांग."

"खरंच माहीत नाही हो."

"माझा आवाज तरी असंल तुझ्या मोबाइलात?"

"काम संपलं तेव्हा सगळं पुसायला लावलं आम्हाला," सृष्टी म्हणाली आणि बियाण्याच्या पुड्या उगाच सरळ करू लागली. वडील गल्ल्यावरून म्हणाले, "बाई, पोरीनं हुकमाचं काम केलं. तिला ह्यात ओढू नका."

पोरगी खरं बोलतेय की भितेय, की दोन्ही, हे कडूबाईला ठरवता आलं नाही. परतीच्या गाडीत एकच गोष्ट तिच्याजवळ होती. प्रश्न तिनं विचारला होता हे खरं, आणि टीव्हीवरचा प्रश्न तिचा नव्हता हेही खरं. गावात जाऊन हे सांगावं तर उलट गळ्याशी यायचं. म्हणजे बोलली होतीस की, असं म्हणायला लोक मोकळे.

आणि मग तिच्या दारात तालुक्याची गाडी आली. मंत्रीसाहेब वाशीला येणार होते. लोकांच्या प्रश्नांना समोरासमोर उत्तरं देणार होते, आणि टीव्हीवर ज्यांचा प्रश्न गाजला त्या कडूबाईंचा सत्कार करणार होते. गाडीतला साहेब निरोप देऊन गेला तेव्हा समोरच्या दारांतून माणसं बघत होती.

संध्याकाळी गोरोबा आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वहिनी, जाणार हाव?"

"न्हाय जावं तर लोक म्हणतील, तोंड लपवलं. जावं तर म्हणतील, शाल घ्यायला गेली. तुमीच सांगा."

"म्या काय सांगू?"

"मंग संगं चला. म्होरं बसा अन् डोळ्यानं बगा. माघारी येऊन तुमाला जे वाटंल ते गावाला सांगा."

गोरोबानं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. आपल्याला साक्षीला नेऊन ही आपल्यालाही त्यात गोवतेय का, हे तो जोखत होता. ते तिला दिसत होतं, आणि तिनं त्याला जोखू दिलं. "येतो," तो म्हणाला.

वाशीच्या मंगल कार्यालयात गर्दी होती. दारातच एकजण निवडक लोकांना चिठ्ठ्या वाटत होता. त्यात लिहिलेलंच लोक उठून विचारत होते. सौर पंप कधी, टॉवर कधी, तारा जमिनीखालून कधी. मंत्रीसाहेब न अडखळता उत्तरं देत होते. कडूबाईच्या लक्षात आलं की प्रश्नापेक्षा उत्तर लांब असतं, आणि उत्तर संपेपर्यंत विचारणाऱ्याच्या हातातून माइक गेलेला असतो.

मग तिचं नाव पुकारलं. शाल आली, नारळ आला, फोटो झाला. "दोन शब्द बोला," सूत्रसंचालक म्हणाला. मागं उभ्या असलेल्या एका अधिकाऱ्यानं हळूच सांगितलं, "धन्यवाद म्हणा, बास."

कडूबाईनं माइक दोन्ही हातांनी धरला. पहिल्या रांगेत गोरोबा ताठ बसला होता.

"साहेब, शाल दिलीत, उपकार झाले. पर टीव्हीवर माझ्या नावानं जे वाचलं, ते म्या इचारलं न्हवतं. आमच्यात लाइट बी धड न्हाय अन् रेंज बी न्हाय. माझा प्रश्न येगळा हुता. पंखे आमच्या डोक्यावर फिरत्यात, मंग माझी गिरण बंद का? त्यो प्रश्न कुणी बदलला, ते बी सांगा."

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि एकट्याचीच टाळी ऐकून थांबलं. मंत्र्यांचं हसू हललं नाही. इतक्या जवळून ते टीव्हीपेक्षा म्हातारे आणि दमलेले दिसत होते. त्यांनी तिच्या हातातला माइक घेतला, त्यावर तळवा ठेवला आणि तिच्याकडं वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, इथं तयार झालेली वीज इथंच द्यायची, असं धोरणच नाही. ती आधी वर जाते. तुमच्या गिरणीची तार वेगळी. वर पंखे कितीही वाढले, तरी तुम्हाला त्यानं काही फरक पडणार नाही."

मग त्यांनी तळवा काढला. "कडूबाईंनी अत्यंत महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे," ते सगळ्यांना म्हणाले. "संबंधितांना मी आत्ताच सूचना देतो. लवकरच सकारात्मक निर्णय होईल." टाळ्या पडल्या. प्रश्न कुणी बदलला, ते राहूनच गेलं.

कडूबाई शाल काखेत मारून खाली उतरली. इतक्या दिवसांत तिच्याशी कुणीतरी सरळ बोललं होतं, आणि तेही माइक झाकून. ते खरं होतं की तिला गप्प करायचा तोही एक डाव होता, हे तिला कळेना.

टीव्हीवर फक्त शाल दिसली. कडूबाईचे ओठ हलत होते आणि वर सनई वाजत होती.

गावात पारावर तिनं सगळं सांगितलं. पोळ्यानंतरच्या पोरीपासून, काही न झाकता. "मंत्री असं म्हणंल व्हय?" एकानं विचारलं. "अन् ते बी तुझ्याच कानात?"

गोरोबा उठला. "ती काय बोलली ते म्या ऐकलं. लाइट न्हाय म्हणाली, प्रश्न माझा न्हाय म्हणाली, मंत्र्याच्या तोंडावर म्हणाली. त्यो काय बोलला ते मला ऐकू आलं न्हाय. पर माइकवर हात ठिवलेला म्या ह्या डोळ्यांनी बगितला. गावाच्या सोयीचं सांगायचं असतं, तर हात कशाला ठिवला?"

मग संमतीच्या सह्या झाल्याच नाहीत. कंपनीच्या माणसांनी रोवलेल्या खुंट्या पुढचा पावसाळाभर रानात उभ्या राहिल्या आणि मग तारा पलीकडच्या शिवारातून गेल्या. थ्री फेज मात्र पूर्वीसारखीच येते-जाते. कडूबाईची माफी कुणी मागितली नाही. एक दिवस गोरोबाची सून ज्वारीची पाटी घेऊन आली, तिच्या मागोमाग बाकीच्या आल्या, आणि आल्या तशा डबे हातावर तोलून बघू लागल्या.

दिवाळीच्या तोंडावर रणधीरही आला. अनारशांचे तांदूळ घेऊन आला होता. कडूबाईनं ते जपून दळले, त्याच्यासमोर पिठाचं वजन केलं. तो पिशवीचं तोंड बांधत रेंगाळला.

"काकू, माझ्यावर अजून संशय हाय का?"

"हाय की," कडूबाई म्हणाली आणि पुढचा डबा ओढून घेतला.