तीन नावांचा एक माणूस

८ ऑक्टोबर, बुधवार. क्रिएटिनिन ९.४. हजर माणसं तीन: किडनीचे डॉक्टर, मी आणि माझी बायको जुबेदा.

क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा. रक्तात तो एकच्या आसपास असावा. बीडच्या बाजारात तीस वर्षं मी फळांचा काटा धरलाय. एकाच्या जागी नऊ म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

त्याआधी दोन महिने पाय सुजत होते. चपलेचा पट्टा पायावर उमटून राहायचा. उभं राहण्याचं काम आहे, असं म्हणून मी सोडून दिलं. तुमच्या पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर तुम्ही सोडू नका.

डॉक्टर म्हणाले, "डायलिसिस करावं लागेल. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. चुकवायचं नाही." डायलिसिस म्हणजे रक्त नळीतून यंत्रात नेऊन, धुऊन परत अंगात सोडायचं. पाणी दिवसाला आठशे मिली. फळं बंद, कारण त्यातलं पोटॅशियम साचलं की हृदय थांबू शकतं. "म्हणजे आता नुसता वास घ्यायचा," जुबेदा मला म्हणाली. डॉक्टर हसले. वासाला हरकत नाही म्हणाले.

मी घरी मापाचा ग्लास आणला. आठशे मिली म्हणजे चार ग्लास. त्या दिवसांत डोळा लागला की पालीचं धरण दिसायचं. बिंदुसरा नदी काठोकाठ भरून सांडव्यावरून वाहतेय, आणि मी काठावर मापाचा ग्लास घेऊन उभा आहे. पाणी पायाला लागायचं. ते थंड असायचं, आणि मी ते मोजत असायचो.

उपचार सरकारी योजनेत फुकट होता. मंजुरी येईपर्यंत डायलिसिसच्या पहिल्या सहा पाळ्या दवाखान्याने सांभाळल्या. सातवीपासून मंजुरी नसेल तर पैसे भरायचे. दर आठवड्याला दोनदा भरण्याइतके आमच्याकडे नव्हते. डायलिसिस चुकलं तर काय होतं, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या पाळीला दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीवरून निरोप आला: अर्ज परत. रेशन कार्डावर शेख रफीक शेख लाल. आधारवर रफीक लाल शेख. आणि अर्जावर, पूर्ण नाव लिहा म्हटलं म्हणून, मी आजोबांसकट लिहिलं होतं: शेख रफीक शेख लाल शेख चाँद. कॉम्प्युटरच्या हिशेबाने तीन माणसं. जुबेदाने तेव्हाच सांगितलं की याच घोळापायी तीन महिने रेशनही बंद आहे. मला ताप नको म्हणून ती गप्प बसली होती.

सुई टोचली, पंप फिरू लागला. मिनिटाला किती फेरे होतात ते मी मोजायला लागलो, आणि मोजता मोजता झोप लागली. समोर तीन खुर्च्या होत्या. एकीवर शेख रफीक शेख लाल, दुसरीवर रफीक लाल शेख, तिसरीवर आजोबांना बरोबर घेऊन आलेला. तिघांचे पाय सुजलेले. सुई एकच. तिघंही एकमेकांना म्हणत होते, तुमी घ्या आधी.

दर शुक्रवारी कोर्टातले चार वकील दवाखान्याच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसतात. फी घेत नाहीत. मी ते टेबल कित्येकदा पाहिलं होतं, पण ते भांडणतंट्याच्या लोकांसाठी असेल असं समजायचो. जुबेदाने मला हाताला धरून तिथे नेलं. त्या दिवशी तलवाड्याच्या वकील सुवर्णाताई होत्या, पस्तिशीच्या. तिन्ही कागद त्यांनी एकाखाली एक ठेवले.

"हे तिसरं कुणी लिवलं, चाचा?"

"मीच. पूर्ण लिहा म्हटले."

"तुमी लई खरं लिवलंय. तेवढंच नडलंय बघा."

त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं, म्हणजे तिन्ही नावं एकाच माणसाची असं शपथेवर लिहिलेला कागद. तो घेऊन आम्ही तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलो, रेशन कार्डाची कामं तिथेच होतात. तिथले साहेब म्हणाले की नाव बदललंय, आधी राजपत्रात छापून आणा. त्याला किती आठवडे लागतील ते त्यांना सांगता येईना. आणि माझ्या हातात दोन पाळ्या उरल्या होत्या.

सुवर्णाताईंनी आवाज चढवला नाही. "नाव बदललं न्हाई, साहेब. नुसतं जागा बदलून बसलंय. आमच्याकडं शेख आधी लिवतात, तुमच्या कॉम्प्युटरात शेवटी. माणूस समोर उभा हाय, मोजून घ्या."

मी त्यांना खुर्च्यांचं स्वप्न सांगितलेलं नव्हतं. आजही सांगितलेलं नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि तिन्ही नावं एकाच माणसाची, कार्डावरचं तेच खरं, अशा दुरुस्तीवर सही केली. ताईंनी तोच कागद नेऊन दवाखान्याच्या खिडकीवर दिला आणि पोच घेतली. सातव्या पाळीच्या सकाळी मंजुरी आली. त्या दिवशी पंप सुरू झाला आणि मी पुन्हा झोपलो. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. नंतर रेशनही सुरू झालं.

आजार गेलेला नाही. तो राहणार आहे. मंगळवार आणि शुक्रवार त्याचे, बाकीचे पाच दिवस माझे. तुमच्यावर ही वेळ आली तर दोन गोष्टी करा. सगळ्या कागदांवर नाव एकाच रीतीने लिहा. आणि व्हरांड्यातलं टेबल दुसऱ्या कुणासाठी आहे असं समजू नका.

नोव्हेंबरात सुवर्णाताई माझ्या फळांच्या गाड्यावर आल्या. सीताफळं पिकून डोळे उघडलेली होती, आणि वास रस्त्यापर्यंत जात होता. मी किलोभर पिशवीत भरून पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला. फी चालत नाही, तसं फळही चालत नाही, म्हणाल्या. मग भाव विचारला. मी काहीतरी कमी सांगणार होतो.

"खरं सांगा, चाचा. तुमची सवयच हाय ती."

शेवटी पैसे दिले गेले ते एवढेच: ऐंशी रुपये, वकीलताईंकडून, शेख रफीक शेख लाल याला.