बाबांचा पाय

कार्बन साफ करायच्या स्प्रेचा उग्र वास आला की मला वालीवचं एक गॅरेज आठवतं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते, आणि घरात फक्त तेच चालवत असलेली गाडी वळताना, थांबताना हटकून बंद पडायची. "पाय पूर्वीसारखा चालत नाही," बाबा पुटपुटायचे. मीही एकदा वैतागून म्हणालो होतो, "मग सोडा ना आता गाडी!" विकायच्या आधी तपासून घ्यावी म्हणून आम्ही तिथे गेलो. शेजारच्या कारखान्यातल्या लेथच्या खडखडाटात मेकॅनिक स्वतः स्टेअरिंगवर बसला, बाबा त्याच्या शेजारी, मी मागे. त्याने पहिल्याच वळणावर गाडी वळवली आणि इंजिन थरथरून बंद पडलं. तो हसला. "काका, माझ्या पायाखालीपण बंद पडली ना? थ्रॉटलमध्ये काजळी जमलीय. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनला हवाच पुरत नाही." बाबा गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. सफाई झाल्यावर मेकॅनिकने माझ्या हातात दिलेली किल्ली त्यांनी मागून घेतली. नंदाखालला घरी पोचेपर्यंत गाडी कुठेच अडली नाही, आणि वाटेत मी माफीचे शब्द जुळवत होतो. ते अजून माझ्या तोंडून निघालेले नाहीत. बाबा मात्र आजही मला स्टेशनवर सोडायला स्वतःच गाडी काढतात.