मामांच्या पेटीतली फट

रायपूरच्या मराठी घरांत अशी एकही लाकडी वस्तू नसेल, जी माझ्या बायकोच्या मोठ्या मामांनी उलटी करून पाहिलेली नाही. पाट, चौरंग, देव्हारे, पाळणे, सगळ्यांची पोटं त्यांनी तपासली आहेत. रेल्वेच्या कारखान्यातल्या सुतारखात्यात उभी हयात काढून मामा निवृत्त झाले. त्यांची तपासणी मात्र निवृत्त झाली नाही. कुणाच्या घरी गेले की चहा यायच्या आत खुर्चीच्या हातावर टिचकी मारणार, कान लावणार, आणि यजमानाकडे अशा नजरेनं बघणार की त्या बिचाऱ्याला आपणच आतून पोकळ असल्यासारखं वाटावं. एकदा सदर बाजारात सराफाकडे मुलीसाठी झुमके बघायला आम्ही त्यांना सोबत नेलं. सराफानं डबी उघडून झुमके पुढे ठेवले. मामांनी झुमके अलगद बाजूला सारले, लाकडी डबी उचलून उलटी केली आणि म्हणाले, "भैया, इसका ढक्कन टेढ़ा बैठ रहा है." झुमके कसे होते, हे मामांना आजही सांगता यायचं नाही.

लग्नात तर त्यांच्या तपासणीला ऊत यायचा. मांडवात रुखवत मांडलं की बाकीचे पाहुणे लाडवांचे मनोरे बघत, मामा थेट लाकडी वस्तूंकडे वळत. एका काकूंनी महिनाभर खपून लेकीच्या रुखवतासाठी लाकडी तुळशीवृंदावन केलं होतं. मामांनी ते भर मांडवात आडवं केलं. "वहिनी, खिळे काहून ठोकले? लाकडात लाकूड गुतवलं असतं तर जन्मभर धरून राहिलं असतं न!" काकू त्यानंतर आठ महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मामांना ते कळलंही नाही, कारण काकू पूर्वीही त्यांच्याशी फारशा बोलत नसत.

माझ्या मुलीला नव्या राजधानीतल्या एका ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा मामा हौसेनं तिचं ऑफिस बघायला गेले. रुंद रस्ते पाहिले, काचेच्या भिंती पाहिल्या, लिफ्टमध्ये बसून वर गेले, आणि तिच्या टेबलावर टिचकी मारली. संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढताच म्हणाले, "राज्य सागवानाचं, अन् पोरीले टेबल भुशाचा!" त्या रात्री ते नीट जेवले नाहीत म्हणे. खरं सांगायचं तर मला त्यांचा हा राग आवडतो. आपल्या माणसाला कुणी हलकं सामान दिलेलं त्यांना सोसत नाही.

म्हणून तिचं लग्न ठरल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं, "रुखवतात माही पेटी राहीन. बिनखिळ्याची." छत्तीसगड राज्य झालं त्याच वर्षी आणलेली सागवानाची एक लांब फळी त्यांच्या पलंगाखाली वाळत पडली होती. मधल्या काळात सरकारं आली, गेली, राजधानी हलली; फळी हलली नाही. कुणी विचारलं तर मामा म्हणत, "अजून पिकून राहिली." ती कशासाठी पिकत होती, हे आम्हाला आता कळलं.

आणि नेमकं लग्नाला तीन महिने उरले असताना मामांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. थोडक्यात निभावलं. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, पण उजवा हात कापायला लागला. पेटीचं नाव काढू नका, असं बायकोनं त्यांना हात जोडून सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात ते अंगणात रंधा मारत बसले होते. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरायचं, जरा थांबायचं, आणि कंप ओसरला की पटाशीवर एक घाव घालायचा. दिवसभरात एक कोपरा व्हायचा नाही. मी फळी धरायला पुढे झालो तर म्हणाले, "जवाईबापू, तुम्ही पेपर वाचा." तीन कोपरे असे जमले की दोन फळ्यांची बोटं कुठं एकमेकांत शिरली ते शोधावं लागे. चौथ्याला पटाशी निसटली. नखभर फट राहिली.

फळी संपली होती आणि लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मी हळूच सुचवलं, की सरसात भुसा कालवून भरला तर कुणाला दिसणारही नाही. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला धास्ती वेगळीच होती. अख्ख्या गावाच्या वस्तू ज्यांनी उलट्या केल्या, त्यांची वस्तू उलटी करायला अख्खं गाव येणार होतं. त्या काकू तर नक्कीच येणार होत्या. जन्मभर मिरवलेला एक हात, आणि त्याची परीक्षा भर मांडवात!

लग्नाच्या सकाळी मुलीनं गुपचूप पेटीचा तो कोपरा भिंतीकडे वळवून ठेवला. मामा आले, पेटीकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी ती फिरवून फट समोर आणली. मग रुखवताच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून ते जे बसले ते अक्षता पडेपर्यंत हलले नाहीत. येईल त्याला आधी फट दाखवायची, मग पेटी. मुलाकडची मंडळी अभनपूरची, छत्तीसगढी. रुखवत म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मामांनी व्याह्यांचा हात धरून बोट फटीवर ठेवलं. "देखिए, यहाँ मेरा हाथ हिल गया." व्याह्यांनी बाकीच्या तीन कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, खिळा शोधला, सापडेना. "हव," एवढाच होकार देऊन ते वाकून मामांच्या पाया पडले.

मग काकू आल्या. त्यांनी पेटी उचलली, पद्धतशीर उलटी केली, कोपरा न् कोपरा पाहिला. मामा मान खाली घालून बसले होते. काकू पेटी जागेवर ठेवत म्हणाल्या, "भाऊजी, हातात काही हाय बरं तुमच्या." मामांनी मान वर केली. इतकं नाजूक हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मांडवातल्या प्रत्येकाला, हे आमचे मामा आहेत, असं ओरडून सांगावंसं मला वाटलं.

पाठवणीच्या वेळी मात्र ते गाडीच्या दाराशी आले. "बाई, पेटी ठेवून जाय. हात नीट झाला की दुसरी देतो तुले. बिना फटीची." पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीनं ती आणखी जवळ ओढली. "नहीं दूँगी, आजोबा," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मामाही रडले, मीही.

आता मामांच्या पलंगाखाली नवी फळी वाळते आहे. भेटायला गेलो की ते आम्हाला ती बाहेर ओढायला लावतात, वास घेतात, टिचकी मारतात. "पाच-सहा वर्षांत पिकीन," म्हणतात. "तवरक हातही सुधरते. सुधरूनच राहिला." चहाचा कप ते आता दोन्ही हातांनी धरतात, तरी बशीत थोडा सांडतोच. आम्ही सगळे हो म्हणतो.