पोरीची परीक्षा आणि शेठजींचा हात

लग्न होऊन हिंगणघाटला आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, इथली माणसं एकमेकांवर रुसलेली आहेत. कोणी बोलायचं नाही, नुसते हात उडवायचे. आमची खोली जिनिंग फॅक्टरीच्या आवारातच होती. नवरा तिथे फिटर. दिवाळी झाली की कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची, आणि मशिनं सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही कानात शिरायचं नाही. म्हणून जिनात सगळा कारभार खुणांवर. तळहात उभा धरला की थांब. तळहात खाली दाबला की बस, तिथंच टेक. चार बोटं आपल्याकडे ओढली की ये. मी मालवणकडची, नवराही तिकडचाच; माझी शाळा सातवीतून सुटलेली. तोंड उघडलं की माझा हेल ऐकून कापूस निवडणाऱ्या रेजा, म्हणजे मजूर बाया, पदर तोंडाशी धरून हसायच्या. मला त्या खुणा फार बऱ्या वाटल्या. हाताला कुठला आलाय हेल?

तर अशा जिनात पोरी आली. समोरच्या बंगल्यातल्या साहेबांची बदली झाली आणि नव्या क्वार्टरमध्ये कुत्रं चालत नव्हतं. त्यांची ती वर्षभराची अल्सेशियन तशीही दिवसभर माझ्याच दारात पसरलेली असायची. साहेबांच्या बाईंनी डोळे पुसत पट्टा माझ्या हातात दिला. तिचं इंग्रजी नाव कोणाच्या जिभेवर बसेना. रेजा तिला "पोरी" म्हणायला लागल्या, मग मीही. माहेर इतकं लांब की वर्षातून एकदा जाणं व्हायचं. त्या परक्या गावात, मी काही न बोलता जिला माझं कळायचं अशी ती एकटीच होती.

आणि तिनेच एका सकाळी घोटाळा केला. बैलांच्या शेपट्या हलताना बघून तिला खेळ सुचला. ती भुंकत बंडीखाली शिरली, बैल बिचकले, बंडी फाटकाच्या खांबाला धडकून कलंडली. सगळा कापूस नालीत. बंडीवाल्याने शेठजींना तोंडावर सांगितलं, "शेठ, तुमी कुत्रे पाळा, आमी दुसऱ्या जिनात जातो." मागच्या दोन-तीन बंड्याही त्याच्यामागे वळल्या.

शेठजी म्हणजे आमचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण आवाज मोठा. आमच्या दारात येऊन म्हणाले, "फिटर, कुत्रं उद्याच हिंगणीले धाडतो. माह्या साळ्याचं वावर हाय तिकडे, जंगलाच्या कडेले. राखण करीन तिथं."

हिंगणी! बोर धरणाच्या बाजूला, जिथे वाघाच्या गोष्टी ऐकून माणसंसुद्धा संध्याकाळी दार लावून बसायची. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने जमिनीकडे. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "काय रे, कोणाला धाडतोस?"

शेजारच्या बाई होत्या त्या. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. दुपारी मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायच्या आणि चुकले तरी हसायच्या नाहीत. आज हे जे चार ओळी लिहिण्याचं धाडस करते आहे ते त्यांच्यामुळे. शेठजी एकेकाळी त्यांचे विद्यार्थी होते. बाई दिसल्या की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

"बाई, बंडी उलटवली तिनं."

"मग तिला शिकवलं कोणी? तुला नाही का आम्ही शिकवलं?" बाई म्हणाल्या. "थंडीत वर्ध्याला कुत्र्यांचं प्रदर्शन आहे. त्यात आज्ञापालनाची परीक्षा असते. ही पास झाली तर राहील. नापास झाली तर खुशाल ने."

शेठजींनी कान खाजवला. "पास झाली पायजे पण. बाई, तुमी मध्ये पडल्या म्हनून."

झालं. बाईंनी कुठूनसं एक इंग्रजी पुस्तक मिळवलं. त्या वाचून अर्थ सांगायच्या, मी ऐकायचे, आणि पोरी आमच्या दोघींकडे बघत जांभया द्यायची. पायाशी चालणं, बसणं, आडवं होणं, लांबून बोलावल्यावर सरळ येऊन समोर बसणं, लाकडाचा तुकडा आणून देणं. आणि शेवटचं, सगळ्यात कठीण: कुत्र्यांना ओळीत बसवून मालकांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायचं. परत येईपर्यंत कुत्र्याने हलायचं नाही.

"प्रत्येक गोष्टीला एकच हुकूम," बाई म्हणाल्या. "तोंडाने दे, नाहीतर हाताने. दोन्ही नाही."

"हातानेच देते," मी लगेच म्हणाले. परीक्षकापुढे माझा आवाज फुटणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. आणि खुणा शोधायला जायची गरजच नव्हती. जिनात होत्याच. पोरी दिवसभर त्या बघत होती. थांब, बस, ये, तिला निम्म्या आधीच कळत होत्या. बाईंनासुद्धा ही युक्ती फार आवडली.

मग सगळं जिनच तिचा मास्तर झालं. मी आवारात तिला चालवायचे आणि रुईचे पुंजके केसांत अडकलेले हमाल कामं सोडून बघत राहायचे. एकजण रोज विचारायचा, "वयनी, मले पन शिकवा ना, माही बायको मले असंच चालवते!" पोरी खुणेसरशी बसली की रेजा आपल्या मुलांना सांगायच्या, "पाह्य, कुत्रं ऐकते. तुमी ऐकता का?" बैलांजवळून तिला पायाशी चालवणं सगळ्यात अवघड गेलं. सुरुवातीला तिचे कान शेपट्यांकडे वळायचे आणि मी पट्टा आखडून धरायचे. थंडी पडेपर्यंत मात्र बंड्यांच्या रांगेमधून ती अशी जायची, की जणू बैल म्हणजे भिंतच.

तरी आदल्या रात्री मी तिला दहा वेळा बसवलं, दहा वेळा उठवलं. नवरा म्हणाला, "भियातंस कित्याक? परीक्षा तुझी नाय, तिची आसा." त्याला काय माहीत! नापास झाली तर ती हिंगणीला आणि मी पुन्हा त्या खोलीत, भिंतीशी बोलत.

वर्ध्याला आम्ही जिनाच्या ट्रकमधून गेलो. सुट्टीचा दिवस, त्यामुळे अर्धं जिन वर चढलेलं, चिवड्याच्या पुड्या आणि शिट्ट्या घेऊन. बाई ड्रायव्हरशेजारी. शेठजी आपल्या मोटारीतून, जॅकेट घालून, पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले. मैदानावर दोरी बांधून चौकोन केला होता. नागपूरचे गुबगुबीत पॉमेरेनियन, डॉबरमन, सुटाबुटातले मालक. मी एकटी साध्या सुती साडीत, पायात स्लीपर.

नंबर आला. परीक्षक म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक निवृत्त फौजी. "सुरू करा," एवढंच म्हणाले. माझा हात शहाणा निघाला. पोरी चालली, वळली, बसली, आडवी झाली. बाकीचे मालक ओरडून ओरडून लाल झाले होते, आणि आम्ही दोघी मुक्याने चाललो होतो. लाकूड आणलं, हातात दिलं. फौजींनी मिशीला हात लावला. दोरीबाहेरून कोणीतरी कुजबुजलं, "अबे, मस्त करून राह्यली!" आणि बाकीच्यांनी त्याला दाबलं.

उरलं होतं ते शेवटचं. ओळीत कुत्री बसली. मी तळहात उभा धरला, पाठ फिरवली आणि टोकाला जाऊन उभी राहिले. पोरी दगडासारखी. शेजारचा डॉबरमन उठून फिरायला गेला, ती हलली नाही. पॉमेरेनियन भुंकलं, हलली नाही. आता संपलंच म्हणून मी श्वास सोडणार, तेवढ्यात पोरीचे कान ताठ झाले. ती उठली. माझ्याकडे नाही, उजवीकडे वळली. दोरीखालून सुळकन गेली आणि शेठजींच्या खुर्चीसमोर जाऊन, अगदी सरळ, नियमाप्रमाणे, तोंडाकडे बघत बसली.

शेठजींचा हात अजून हवेत होता. लांबून चहावाला जात होता आणि त्यांनी सवयीने, जिनातल्यासारखी, चार बोटं आपल्याकडे ओढली होती.

"मी तुले नाई बोलावलं वं!" शेठजी तिला म्हणाले. पोरीने शेपटी हलवली. चहावालाही येऊन पोचला.

माझे डोळे भरून आले. फौजी दोन्ही हात मागे बांधून म्हणाले, "जागा सोडली. हा भाग शून्य. नापास."

आणि मग शेठजी उठले. "साहेब, नापास कशी? म्या बोलावलं, ती आली! माहे नोकर येत नाई इतक्या सिध्या!"

"नियम आहे, शेठ."

"नियम माह्यासाठी लावा ना मंग! चूक माही!"

आमचं जिन दोरीला लोंबकळून हसत होतं. "शेठजी नापास! शेठजी नापास!" कोणीतरी शिट्टी मारली. फौजींनाही हसू आवरेना, पण निकाल काही बदलला नाही. बाई शांतपणे पुढे आल्या. "काय रे, मग हिंगणीला कोणाला धाडायचं?" त्यांनी विचारलं.

शेठजींनी पोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मी पदराने नाक पुसत होते. चहाचा कप तसाच त्यांच्या हातात. "पुढच्या साली परत बसवा हिले," ते पुटपुटले. "मी येत नाई."

मी वाकून नमस्कार करायला गेले तर ते दचकून मागे सरकले आणि चहा जॅकेटवर सांडला.

पोरी पुढच्या साली पास झाली, पण ते आता कोणाला फारसं आठवत नाही. जिनात आठवण राहिली ती वेगळीच. त्या दिवसापासून शेठजी आवारात हिंडताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून हिंडायचे. कोणाला बोलवायचं तर मशिनांच्या खडखडाटावर तोंडाने ओरडायचे, घसा बसेपर्यंत. गावोगावचे नवे शेतकरी बंडीवरून बघायचे आणि एकमेकांना म्हणायचे, "मालक भारी दिसून राह्यला, पाह्य कसा चालते." आणि पोरी वजनकाट्याजवळ उन्हात पडल्या पडल्या त्यांच्या पाठीमागच्या त्या हातांकडे डोळे लावून असायची, न जाणो, सुटले तर.